‘पाच मिनिटं’ म्हणजे नेमकी किती?

प्रश्न : पुण्यातल्या धायरीहून एका आईने लिहिलं आहे. मुलगा दहा वर्षांचा, इंग्रजी माध्यमात पाचवीला. गेल्या वर्षी बालमानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं ती अवस्था) निदान केलं, रोज सकाळी एक गोळी सुरू आहे. शाळेची व्हॅन ७:१० ला येते. सहाला उठवूनही रोज पळापळ होते, ‘आवर, चल, ऊठ’ हे तीस-चाळीस वेळा म्हणावं लागतं. संध्याकाळी अर्ध्या तासाचा गृहपाठ साडेनऊपर्यंत लांबतो. रंगीत वेळापत्रक करून झालं, कंप पावणारं स्मार्टवॉच घेऊन झालं. दोन्ही चार दिवस टिकलं. मोबाइलवरचा गेम मात्र तो दोन तास न हलता खेळतो. बाबा म्हणतात, ‘मीही असाच होतो, मार खाल्ला आणि सुधारलो.’ आजी म्हणतात, ‘एकदा व्हॅन चुकू दे, अद्दल घडेल.’ आई विचारतात : मी आठवण करून देणं बंदच करू का? त्याला वेळेची किंमत कळणार तरी कशी?

उत्तर :

व्हॅनचं आधी बोलू. चुकू देऊ नका, निदान एवढ्यात तरी नको. अद्दल घडायला कारण आणि परिणाम यांची गाठ मनात बसावी लागते. सव्वासहाला बाथरूमच्या फरशीवरचे थेंब बघत घालवलेली दहा मिनिटं आणि ७:१० ला निघून गेलेली व्हॅन यांच्यात जवळपास तासाचं अंतर आहे. तुमच्या मुलाला एवढं लांबचं जोडता येत नाही. त्याच्या लेखी व्हॅन ‘अचानक’ गेलेली असते. शिवाय व्हॅन चुकली की होतं काय? बाबा चिडत का होईना, स्कूटरवरून सोडायला जातात. सिंहगड रस्त्याने बाबांच्या मागे बसून जाणं ही शिक्षा की बक्षीस, हे त्यालाच एकदा विचारून बघा.

तरी आजींच्या बोलण्यात अर्धं तथ्य आहे. आज घरात जे चाललंय त्यातूनही तो काही शिकत नाही. तुम्हीच त्याचं घड्याळ झाला आहात, आणि घरात बोलतं घड्याळ असताना भिंतीवरच्या घड्याळाकडे कोण बघेल? तो सातव्या हाकेला उठतो, कारण पहिल्या सहा हाका खऱ्या नसतात हे त्याला अनुभवाने पक्कं ठाऊक आहे. म्हणजे आठवण करून देणं थांबवायचं आहेच. फक्त तुम्ही गप्प बसण्याआधी तुमच्या जागी दुसरं काहीतरी उभं राहायला हवं.

‘वेळेची किंमत’ या शब्दांपाशी जरा थांबू या. किंमत कळत नाही म्हटलं की दोष स्वभावाचा होतो : बेफिकीर आहे, आळशी आहे. या मुलांची अडचण किमतीची नसते, भानाची असते. आपल्याला आतून कळत राहतं, ‘दहा-बारा मिनिटं झाली असतील.’ हा आतला काटा एडीएचडीत मंद असतो. अशा मुलासाठी दिवसाचे दोनच भाग असतात : ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली याला वेळेचं आंधळेपण म्हणतात. त्यांचा एक ढोबळ ठोकताळा पालकांच्या फार उपयोगी पडतो : स्वतःला आवरणं, वेळ सांभाळणं यांत ही मुलं वयापेक्षा सुमारे तीस टक्के मागे धरावीत. म्हणजे बुद्धीने तुमचा मुलगा दहाचा, किंवा बाराचाही असेल. पण वेळ सांभाळण्यात तो सातचा आहे. दुसरीतल्या मुलाचं दप्तर भरायला कोणीतरी शेजारी बसतं आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही. तेवढीच अपेक्षा इथे ठेवा. २००७ साली अमेरिकेत झालेल्या मेंदूच्या स्कॅनच्या एका मोठ्या अभ्यासातही हेच दिसलं होतं. मेंदूचं बाहेरचं आवरण पक्व होण्याचा क्रम या मुलांत इतरांसारखाच होता, फक्त सरासरी तीन वर्षं उशिरा.

मग गेमवर दोन तास कसा बसतो? गेम दर दोन-चार सेकंदांनी काहीतरी देतो : आवाज, गुण, पुढची पातळी. तिथे लक्ष धरून ठेवायचं काम गेमच करतो, मुलाला करावं लागत नाही. आणि तिथेही वेळेचं भान नसतंच. ‘दोन तास झाले’ म्हटल्यावर त्याचा चेहरा पाहा. ते आश्चर्य खरं असतं.

बाबांशी हे बोलाल तेव्हा वादाचा सूर नको. एडीएचडी घराण्यातून येतो. जुळ्या मुलांवरच्या अभ्यासांनुसार, माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो त्यातला ७० ते ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा असतो. ‘मीही असाच होतो’ हे त्यांचं वाक्य म्हणूनच गंभीरपणे घ्यायला हवं. ते सुधारले म्हणजे काय झालं, ते त्यांनाच आठवू द्या. बहुधा कुठेतरी कागदावर यादी करायला लागले, किल्ली एकाच खिळ्याला अडकवायला लागले. मुलाला शिकवायचं आहे ते हेच. माराने त्या सकाळी अंगात वीज येते, मूल भराभरा आवरतं. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच हालचालीसाठी थोडा जास्त मार लागतो.

आता घरातल्या मराठीकडे वळू, कारण गडबडीचा मोठा वाटा तिथे आहे. ‘पाच मिनिटांत ये’ म्हणजे कधी दोन मिनिटं, कधी वीस, कधी आपला फोन संपेपर्यंत. ‘पटकन’, ‘जरा वेळाने’, ‘आलेच’ या शब्दांना लांबीच नाही. ‘परवा’ तर मागे झालेलाही असतो आणि पुढे येणाराही. त्यात मूल इंग्रजी माध्यमात : ‘पावणेसात’ ऐकल्यावर त्याच्या कानात सात उरतं, ‘पावणे’ गळून पडतं. धावपळीत ही आकडेमोड त्याच्यावर टाकू नका. ‘मोठा काटा अकरावर आला की बूट’ असं सांगा. काटा आणि काम, दोनच गोष्टी. पावणे, सव्वा, अडीच हे सुट्टीच्या दिवशी खेळ म्हणून निवांत शिकवा. ते यायला हवंच, फक्त सकाळी साडेसहाला नको.

नवीन काही आणण्याआधी एक आठवडा मोजा. पाच सकाळी, नेहमीसारखंच वागत, मोबाइलवर प्रत्येक कामाची सुरुवात आणि शेवट टिपा. अशा नोंदी केल्या की बहुतेक घरांत एकच गोष्ट उघडी पडते : वेळ कामांत जात नाही, दोन कामांमधल्या सांध्यांत जातो. दात घासायला तीन मिनिटं लागतात, पण बेसिनपासून बाथरूमपर्यंत पोचायला आठ. गणवेश चार मिनिटांत होतो, एक मोजा शोधायला सात. म्हणून कामं जलद करायच्या मागे न लागता सांधे कमी करायचे.

त्यासाठी दाराजवळ एक उघडा क्रेट ठेवा. दप्तर, वॉटरबॅग, ओळखपत्र, बुटांत खोचलेले मोजे, सही हवी असलेला कागद, सगळं रात्री जेवणाआधी त्यात जायला हवं. जेवणानंतर ठरवलंत तर होणार नाही, तोवर सगळेच थकलेले असतात. गणवेश अंगात घालायच्या क्रमाने खुर्चीवर. डबा तुमच्याकडे. आता सकाळी उरतात पाच कामं : शौच-दात, अंघोळ, कपडे, दूध-नाश्ता, बूट. मागून मोजत या. ७:०५ ला खाली पोचायचं असेल तर ६:५५ ला बूट, ६:४० ला नाश्ता, ६:३० ला कपडे, ६:१५ ला अंघोळ, ६:०० ला ऊठ. मधे कुठे पाच मिनिटं वाचली तर ती नवीन कामाने भरू नका, त्याला देऊन टाका. दाराशी बसून चित्रांचं पुस्तक चाळू दे. टीव्ही-मोबाइल मात्र नाही, त्यातून उठवण्यात वाचलेलं सगळं परत जातं.

अंघोळीचा उपाय सोपा आहे : शॉवर बंद, बादली सुरू. शॉवरला शेवट नसतो. बादलीतलं पाणी डोळ्यांसमोर कमी होतं आणि संपलं की अंघोळ संपली. यापेक्षा स्वस्त टायमर मिळणार नाही.

आणि घड्याळ. काट्यांचंच हवं, दहा-बारा इंचांचं, मिनिटांच्या खुणा स्पष्ट असलेलं. आकड्यांचं घड्याळ फक्त ‘आत्ता’ सांगतं. किती उरलं हे काट्यांमधल्या जागेत दिसतं. ते छताजवळ नको, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा, जिथे तो कपडे घालतो तिथे. दुसरं बाथरूमच्या दारासमोर. बार्कलींचा आणखी एक आग्रह इथे लागू पडतो : मदत हवी ती काम जिथे अडतं त्या जागी. हॉलमधलं सुंदर वेळापत्रक बाथरूममध्ये कामाचं नाही. काचेवर व्हाइटबोर्डच्या मार्करने ६:१५ ते ६:३० एवढी फोड रंगवा, पुढची दुसऱ्या रंगाने. काटा निळ्यातून हिरव्यात गेला की अंघोळ संपायला हवी, हे वाचावं लागत नाही, दिसतं. घड्याळाला काच असलेली बरी. प्लास्टिकवर मार्करचा रंग बसून राहतो. लाल चकती कमी-कमी होत जाणारे टायमरही ऑनलाइन मिळतात आणि चांगले असतात, पण सुरुवात करायला काच आणि मार्कर पुरे. वाळूची घड्याळं फक्त दात घासण्यापुरती. ती आवाज न करता संपतात आणि मूल ती उलटीसुलटी करत बसतं.

एक गोष्ट आजच करा : घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलेलं असेल तर खऱ्या वेळेवर आणा. मोठ्यांना ती दहा मिनिटं मनातल्या मनात वजा करता येतात. त्याच्यापुरतं, घड्याळ खोटं असतं आणि खोटं आहे हे सगळ्यांना माहीत असतं, एवढाच धडा उरतो.

स्मार्टवॉच का हरलं तेही यातच आलं. ते थरथरतं, पण आता काय करायचं हे सांगत नाही. हाताने बंद केलं की विषय संपला. गजर लावायचाच असेल तर एकच, आणि जिथे उठून जावं लागेल तिथे : क्रेटजवळ, ६:५५ चा. वेळापत्रक हरलं कारण त्यात बहुधा चौदा चौकोन होते आणि ते मोठ्यांनी केलेलं होतं. यावेळी तो ती पाच कामं करत असतानाचे त्याचेच पाच फोटो काढा, एकाखाली एक चिकटवा आणि कडेला कपड्यांचा चिमटा लावा. काम झालं की चिमटा खाली. स्टिकरपेक्षा चिमटा बरा, हाताला काम राहतं आणि रोज नवा कागद लागत नाही.

आता तुमचं बोलणं. दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, हा नियम स्वतःला लावा. सगळ्यांत अवघड हाच आहे. जवळ जा, खांद्यावर हात ठेवा, नजर मिळाली की एकच प्रश्न : ‘चिमटा कुठे आहे?’ ‘अंघोळीला जा’ म्हणालात तर विचार तुम्ही केलात. प्रश्न विचारलात तर त्याला घड्याळाकडे आणि फोटोकडे बघावं लागतं. पहिले दोन आठवडे शेजारीच राहा. मग दोन आठवडे दारात. मग स्वयंपाकघरातून मधूनच डोकावा. गाडी घसरली तर एक पायरी मागे या, पहिल्या पायरीवर नको. तरी पहिल्या महिन्यात तुमचं बोलणं वाढल्यासारखं वाटेल, आणि ते ठीक आहे. सकाळी गोळी लागू व्हायला अर्धा-पाऊण तास जातो हेही लक्षात असू द्या : ज्या तासात सगळ्यात जास्त आवरायचं, त्याच तासात औषधाची साथ नसते.

बक्षिसाबद्दल बरेच पालक बिचकतात, ‘लाच’ वाटते. पण लांबचा फायदा ज्याला जाणवत नाही त्याला जवळचा काहीतरी दिसावा लागतो. चिमटा वेळेत खाली आला की काचेच्या बरणीत एक गोटी, लगेच, तिथल्या तिथे. पाच कामांच्या पाच गोट्या, आणि त्या त्याच संध्याकाळी वटवायच्या : बाबांशी कॅरमचा एक डाव, रात्रीची गोष्ट कोणती ते ठरवायचा हक्क, भेळ. महिनाअखेरीस सायकल म्हणजे त्याच्या लेखी ‘कधीच नाही’. मिळालेली गोटी काढून घ्यायची नाही, काहीही झालं तरी. एकदा वजाबाकी सुरू झाली की बुधवारपर्यंत बरणी रिकामी होते आणि खेळ संपतो. दोन-तीन आठवड्यांनी त्याला या सगळ्याचा कंटाळा येईल. हे अपयश नाही, एडीएचडीचा स्वभावच आहे. रंग बदला, बक्षीस बदला, गोट्यांऐवजी बटणं आणा. सांगाडा तोच ठेवा.

वेळेचं भान वाढवायचा खेळ संध्याकाळी, आणि तो घरातल्या सगळ्यांनी खेळायचा. वहीत दोन रकाने : अंदाज आणि प्रत्यक्ष. दहा पोळ्या लाटून भाजायला आजीला किती वेळ? खाली जाऊन दूध आणायला? गणिताच्या पाच उदाहरणांना? रोज चार-पाच गोष्टी, आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचा. चुकल्यावर टोमणा नाही. मोठ्यांचे अंदाजही सपशेल चुकतात हे त्याला दिसू दे. बाबांनी स्वारगेटला पोचायचा अंदाज लिहावा, मजा येईल. महिनाभरात आकडे जुळू लागतीलच असं नाही, पण ‘मला कमी वाटतं आणि जास्त लागतं’ हे त्याला स्वतःबद्दल कळू लागेल. मग त्याला सूत्र द्या : अंदाजात त्याच्या निम्मे मिळव.

गृहपाठाच्या पद्धतीत महिनाभर बदल करू नका. सकाळ बसली की मगच. एकदम दोन आघाड्या उघडल्या की दोन्ही पडतात. तो टप्पा आला की आधी डॉक्टरांना विचारा, सकाळच्या गोळीचा असर किती वाजेपर्यंत राहतो. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाचा साधा प्रकार साधारण चार तास चालतो, सावकाश उतरणारे प्रकार आठ ते बारा. असर ओसरल्यावर, संध्याकाळी साडेसातला सगळ्यांत कठीण विषय घेऊन बसलात तर तीन तास जाणारच. मात्रा किंवा वेळ स्वतःहून बदलू नका, फक्त ही माहिती घेऊन अभ्यासाची वेळ ठरवा. शाळेतून आल्यावर खाणं, पाऊण तास खाली खेळ, आणि मग लगेच अभ्यास.

अभ्यास दहा-बारा मिनिटांच्या तुकड्यांत. कागद दुमडून एका वेळी पाचच उदाहरणं दिसू द्या. सुरुवात सोप्याने करा. ‘आधी अवघड संपव’ हा सल्ला इतर मुलांना ठीक, याच्यासाठी खरी अडचण सुरू होण्याचीच आहे. सुट्टी चार मिनिटांची, तीही हातपाय हलवायची : पाणी, उड्या, जिन्याच्या दोन फेऱ्या. मोबाइल नाही. गेम द्यायचा तो सगळं झाल्यावर, आणि मिनिटांवर न मोजता डावावर मोजा : ‘दोन मॅच’. अर्ध्या मॅचमध्ये उठवणं म्हणजे रोजचं भांडण हौसेने विकत घेणं. आणि इथे आजींची मोठी मदत होऊ शकते. त्यांनी फक्त त्याच टेबलाशी बसायचं, शेंगा सोलत किंवा पोथी वाचत. शिकवायचं नाही, टोकायचं नाही. शेजारी कोणीतरी शांतपणे काम करत असलं की ही मुलं बरीच टिकून बसतात. नुसतं बसून राहायचं, हे आजींना पटवणं तुमच्याकडे लागलं.

साडेनऊपर्यंत लांबणारा गृहपाठ मात्र आत्तापासूनच थांबवायला हवा. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते आणि सहाला उठायचं तर नऊला डोळे मिटलेले हवेत. ठरावीक वेळेनंतर वही बंद करा आणि डायरीत वर्गशिक्षिकांना लिहा : ‘चाळीस मिनिटं बसला, एवढं झालं.’ वर्षाच्या सुरुवातीला भेटून हे समजावून सांगितलेलं असलं तर बहुतेक बाई मानतात. त्यांच्याकडे एकच गोष्ट मागा : शाळा सुटताना त्याने गृहपाठ उतरवून घेतला का, यावर नजर. वाचन-लेखनातही अडचण दिसत असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी वेगळी करून घ्या. २०१६ च्या अपंगत्व हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तिचा समावेश आहे, एडीएचडीचा स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे नुसत्या एडीएचडीच्या कागदावर बोर्डाच्या सवलती मिळतील असं गृहीत धरू नका.

प्रोजेक्ट हा वेगळा प्राणी आहे. ‘पंधरा दिवसांनी द्यायचंय’ हे त्याच्या जगात अस्तित्वातच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरचे चौकोन तिथी-वार-सणांनी आधीच भरलेले असतात, त्यात त्याची तारीख हरवते. कोऱ्या कार्डशीटवर पंधरा मोठे चौकोन आखा, रोज रात्री एक त्याने खोडायचा. गणपतीला किती दिवस राहिले हे मुलं बोटांवर मोजतात, तसंच. प्रत्येक चौकोनात एकच छोटं काम : सोमवारी अप्पा बळवंत चौकातून कार्डशीट, मंगळवारी चार चित्रं कापणं, बुधवारी काही नाही. मुद्दाम दोन-तीन चौकोन रिकामे ठेवा, लागतातच.

शेवटी सुट्ट्या. दिवाळीच्या सुट्टीत हे सगळं विस्कटेल. विस्कटू दे, क्रेट मात्र दारातून हलवू नका. शाळा सुरू व्हायच्या तीन दिवस आधी सहाला उठणं, बादली, चिमटा पुन्हा सुरू करा, आणि तिसऱ्या दिवशी बूट घालून ७:०५ ला दोघं खाली उतरून या. व्हॅन नसेल त्या दिवशी, म्हणूनच ती रंगीत तालीम निवांत होईल.